ठिणगी तोडताना पडते



या वेळी लोणचं नाही, पर्वातला उपवासही नाही. या वेळी गाडीचं बॉनेट उघडायचं आहे. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं, एवढं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या दोन क्षणांत आत नेमकं काय घडतं, हे मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, गेल्या उन्हाळ्यात शिकले. शिकल्यावर वाटलं, की हे कुठल्याही बाईला समजण्यासारखं आहे, फक्त सांगणाऱ्यानं भराभर इंग्रजी नावं फेकू नयेत. म्हणून हा लेख.

आमच्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. ते सोलापूरचे, आपल्याच जैन समाजातले. कारखाना मुंबईला कुर्ल्यात. सुरुवातीला त्यांचा करार अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी होता, पुढे इटलीच्या फियाटशी झाला. फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेल्या गाडीचं नाव १९७४ पासून पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही नक्की बसला असाल. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नागपुरात मात्र घरगुती पद्मिनी अजून कुठेकुठे जपलेल्या दिसतात.

आमची जपली ती ह्यांनी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे बॉनेट उघडत, पॉइंट घासत, फीलर गेजनं फट मोजत आणि हात धुऊन चहाला येत. पस्तीस वर्षांत हा नेम मोडला नाही. पाच वर्षांपूर्वी ह्यांना कंपवात जडला. आधी गाडी चालवणं सुटलं. ते माझ्याकडे आलं, कारण मी चाळिशीत हट्टानं चालवायला शिकले होते. मग पॉइंटचा बारीक स्क्रू बोटांत धरवेना. महालातले आमचे जुने मिस्त्री दुकान बंद करून गावी गेले होते. नव्या गॅरेजमधली पोरं कामाची, पण ती आधी संगणक जोडायची जागा शोधतात, आणि पद्मिनीला ती नाही.

गेल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे असताना, दुपारी वर्धा रोडवर गाडी बंद पडली. हे शेजारी बसलेले, औषधाची वेळ झालेली. कंपवातात औषधाची वेळ टळली की माणूस जागच्या जागी गोठू शकतो. एका ऑटोवाल्या भाऊनं आम्हाला घरी सोडलं. त्या रात्री पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, आता विका ती गाडी." तिचं चुकत नव्हतं. विकायची, नाहीतर दर महिन्याला पॉइंट घासायची गरजच उरणार नाही अशी व्यवस्था करायची, असे दोनच रस्ते होते. दुसऱ्या रस्त्याचं नाव इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मी म्हटलं, आधी समजून घेऊ, मग ठरवू.

आता मुद्द्याकडे येते. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधल्या बारीक फटीत ठिणगी पडून ते पेटतं. ती फट ओलांडायला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो. आणि बॅटरी आहे फक्त १२ व्होल्टची! एवढा दाब आणायचा कुठून?

तो कॉइलमधून येतो. कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेल्या दोन तारा. एक जाड, तिचे वळसे थोडे. दुसरी केसासारखी बारीक, तिचे वळसे साधारण शंभरपट. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहते. आमच्या कॉइलचा रोध तीन ओहम आहे, म्हणजे १२ भागिले ३, चार अँपिअर. मी जी. एस. कॉमर्सची बी. कॉम.; भागाकाराला घाबरत नाही.

मला वाटायचं, वीज वाहायला लागली की ठिणगी पडत असेल. तसं नाही. ठिणगी पडते वीज तोडल्यावर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोरात येत असताना नळ एकदम बंद करून बघा. पाईप ठणकन वाजतो. वाहत्या पाण्याचा सगळा जोर त्या एका क्षणात पाईपवर येतो. कॉइलमध्ये विजेचं तसंच होतं. जाड तारेतला प्रवाह एकाएकी तोडला की तिच्यात तीनशेच्या आसपास व्होल्टचा झटका उठतो, आणि बारीक तारेत त्याच्या शंभरपट. झाले की नाही तीस हजार?

तोडण्याचं काम करतात ते पॉइंट. डिस्ट्रिब्युटर नावाच्या डब्यात एक दांडा फिरतो, त्याला चार उंचवटे. उंचवटा आला की पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, ठिणगी पडते. वरचा रोटर ती ठिणगी त्या त्या सिलिंडरच्या वायरकडे पाठवतो, १-३-४-२ या क्रमानं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला सेकंदाचा शंभरावा भाग. त्यातल्या दोन तृतीयांश वेळेत कॉइल भरून घ्यायची, मग तोडायचं.

शेजारी कंडेन्सर नावाची छोटी डबी असते. पॉइंट उघडताना वीज त्या फटीतूनच उडी मारू पाहते. नळ हळूहळू बंद केला तर पाईप वाजत नाही, तसं मग तोडणं अर्धवट होतं आणि ठिणगी मरतुकडी पडते. कंडेन्सर तेवढी वीज क्षणभर पोटात घेतो, म्हणून तुटणं स्वच्छ होतं. तो म्हातारा झाला, की गार इंजिनात ठीक चालतो आणि तापल्यावर दगा देतो. शिवाय पॉइंट जळतात, त्यांची टाच झिजते, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. वर्धा रोडवर आमचं हेच झालं होतं. महिनोन्‌महिने कुणी हात न लावलेले पॉइंट आणि जुना कंडेन्सर.

आमचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला "डेल्को" म्हणायचे. मला तो त्यांच्या बोलीतला शब्द वाटे. डेल्को ही अमेरिकेतल्या डेटन शहरात १९०९ साली निघालेली कंपनी. चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसानं कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत तिथे बसवली. तिचं नाव आमच्या महालापर्यंत येऊन पोचलं.

मग इलेक्ट्रॉनिक म्हणजे काय बदलतं? कॉइल तीच, प्लग तेच, रोटर तोच. बदलतो फक्त तोडणारा. पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर येतो. तोही वीज जोडतो आणि तोडतो, पण त्यात हलणारा भाग नाही, घासणं नाही, झिजणं नाही. कधी तोडायचं हे त्याला सांगतो एक सेन्सर. दांड्यावर चार चुंबकांचं कडं बसवतात. चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळतं. चुंबकामुळे विजेवर होणारा हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला, म्हणून त्याला हॉल सेन्सर म्हणतात. ज्या क्रायस्लरशी वालचंदशेठनी पहिला करार केला, तिनं १९७३ साली अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांना सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. आमची पद्मिनी त्यानंतर पंधरा वर्षांनी जन्मली, तरी पॉइंटवरच. आजच्या गाड्यांत तर डिस्ट्रिब्युटरच नसतो. बहुतेकींत प्रत्येक सिलिंडरला आपली कॉइल असते आणि कधी तोडायचं ते संगणक ठरवतो. पण ठिणगी तिथेही तोडतानाच पडते.

एवढं समजल्यावर मी ह्यांना सांगितलं, आपण हे बसवू. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पॉइंटच काढून टाकलेस, तर मी बघू काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आजारानं एकेक काम हातातून काढून घेतलं होतं. शर्टाची बटणं, सही, पोथीची पानं उलटणं. पहिल्या रविवारचं हे काम त्यांना करता येत नव्हतं, तरी ते होतं त्यांचंच. त्यात मी हात घातला असता, तर आजारानं सोडलेलंही मी काढून घेतल्यासारखं झालं असतं. मी विषय काढला नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर हे आपणहून म्हणाले, "अगं, पॉइंट उघडतो तेव्हाच ठिणगी पडते. किल्ली चालू ठेवून पॉइंट मिटलेला राहिला, तर कॉइल तापून जळते. मागव तू तो सेट."

हे शब्दशः खरं आहे बरं का! इंजिन बंद आणि किल्ली चालू असेल, तर चार अँपिअर नुसते कॉइल तापवत बसतात. त्यांनी यापेक्षा जास्त काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या मापाचा सेट मागवला, वायर आणि लग घाट रोडवरून आणले. ह्यांची खुर्ची पोर्चमध्ये, पाय उंच, शेजारी पाण्याचा तांब्या. मी बॉनेटपाशी. सकाळी सहाला बसलो, कारण आठनंतर नागपूरच्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही.

वायरिंगचं चित्र मला चटकन कळेना. मग मी माझ्या पद्धतीनं रोजकीर्द लिहिली. विजेचा नियम आपल्या जमाखर्चासारखाच आहे. बॅटरीच्या धन टोकातून निघालेली वीज ऋण टोकाला परत आलीच पाहिजे. एका बाजूला नावे, तर दुसऱ्या बाजूला जमा. मध्ये कुठे तुटलं तर खातं जुळत नाही, गाडी सुरू होत नाही. वहीत दोन रकाने केले, "कुठून" आणि "कुठे".

बॅटरी धन, किल्लीच्या स्विचकडे. स्विच, कॉइलच्या धन टोकाकडे. कॉइल धन, सेटच्या लाल वायरकडे. कॉइल ऋण, सेटच्या काळ्या वायरकडे. सेटची पाटी, डिस्ट्रिब्युटरच्या अंगातून इंजिनकडे. इंजिन, अर्थच्या पट्टीतून बॅटरी ऋणाकडे. इथे खातं बंद झालं. मग दुसरं खातं, मोठ्या दाबाचं: कॉइलच्या मधल्या टोकातून जाड वायर कॅपच्या मध्यात, आणि कॅपमधून चार वायरी चार प्लगांकडे. कंडेन्सरचं काम संपलं, तो काढला.

काढण्याआधी हे म्हणाले, "व्होल्ट मोज." किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, मीटर लावला. बॅटरीवर १२.५, कॉइलच्या धन टोकावर १०.९. दीड व्होल्टहून जास्त गळती! ताळेबंदात फरक आला की आम्ही कॉमर्सवाले एकेक नोंद मागे जाऊन बघतो, तशी मी एकेक सांध्यावर मीटर टेकवत मागे गेले. स्विचच्या मागच्या एका टोकावर हिरवा क्षार साचला होता. तो घासला, लग नवा दाबला, आणि कॉइलवर १२.१ आले. हे केलं नसतं तर नव्या सेटलाही उपाशीच राहावं लागलं असतं.

मग बॅटरीचं ऋण टोक सोडवलं आणि कामाला लागले. पॉइंट काढले, पाटी बसवली, चुंबकाचं कडं दांड्यावर सरकवलं, वायरी आणल्या. वायर फिरत्या दांड्याला किंवा तापत्या सायलेन्सरच्या पाईपला लागणार नाही अशी बांधली. सांध्यांना डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. आपल्याकडे यत्नाचार म्हणतात, उठताबसता, ठेवता-उचलताना सावध असणं. या कामाला त्याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

ज्यांना हे घरी करायचं असेल, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगते. लाल आणि काळी वायर उलटी जोडली तर ट्रान्झिस्टर क्षणात मरतो आणि दुरुस्त होत नाही. बॅटरी जोडण्याआधी वही पुन्हा वाचा. कॉइलचा रोध सेटच्या कागदावर दिला असेल तेवढाच हवा, कमी असला तर जास्त वीज ओढून सेट जळतो. काही गाड्यांत कॉइलच्या आधी वेगळा रोध बसवलेला असतो. तिथे लाल वायर त्याच्या आधी, पूर्ण १२ व्होल्टवर घ्यावी. प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या नकोत, रोध असलेल्या घ्या, नाहीतर ठिणगीचा गोंगाट सेन्सरला गोंधळवतो. प्लगची वायर काढून ठेवून इंजिन कधीही फिरवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही, तर ती सेटमधून वाट काढते. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी चालू इंजिनाच्या या भागाजवळ वाकू नये.

आणखी एक. उन्हाळ्यात पद्मिनी बंद पडली, की दरवेळी दोष ठिणगीचाच नसतो. कधी पेट्रोलच्या नळीत वाफ धरते. म्हणून तर जुने लोक पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकतात. ओळखायचं कसं? जादा प्लग वायरला लावून इंजिनच्या लोखंडावर टेकवायचा, पेट्रोलपासून दूर. तो हातात न धरता दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायची. ठिणगी निळी आणि कडक असेल, तर दोष पेट्रोलकडे शोधायचा. पिवळट, मरतुकडी किंवा नसेलच, तर इग्निशनकडे.

शेवटचं काम टायमिंगचं. ठिणगी लवकर पडली, तर चढावर इंजिन टकटक करतं. उशिरा पडली, तर गाडी सुस्तावते, तापते. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून त्याचं अंग किंचित फिरवून हे जुळवतात. इंजिन सुरू केलं. मी फिरवत होते, हे डोळे मिटून ऐकत होते. "मागे घे. अजून. आता पुढे, केसभर. थांब. इथं." बोल्ट आवळला. शेजारच्या मुलानं कुठून तरी टायमिंग लाइट आणला होता. तो मारून पाहिला, तर खूण जागेवर होती. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? कान काकांचे आहेत."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दुसरा उन्हाळाही निघाला. गाडी मला आणि ह्यांना दवाखान्यात, देरासरात आणि एकदा रामटेकलाही घेऊन गेली. लेकीनं विकायचा विषय सध्या ठेवून दिला आहे. काढलेले पॉइंट आणि एक नवा कंडेन्सर मी पिशवीत गुंडाळून डॅशच्या कप्प्यात ठेवले आहेत, शेजारी स्क्रू ड्रायव्हर. सेट रस्त्यात गेला तर तिथे काही करता येत नाही. पॉइंट मात्र परत बसवून, घासूनपुसून, घरी येता येतं. तुम्हीही जुनं सामान भंगारात घालू नका.

आणि पहिला रविवार चालू आहे. फट मोजायची नसली, तरी कॅप पुसायची असते, रोटर बघायचा असतो, प्लग काढायचे असतात. मी प्लग काढून ह्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवते, एक ते चार. प्लगच्या टोकाच्या रंगावरून हे इंजिनची तब्येत सांगतात. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक म्हणजे कमी, इंजिन तापतंय. बदामी म्हणजे उत्तम. हात थरथरतात म्हणून प्लग मी धरते, ते चष्मा लावून वाकून बघतात आणि मी वहीत तारीख घालून लिहून ठेवते.

या महिन्यात तिसरा थोडा काळपट होता. बाकी तिन्ही बदामी.